वारुळाच्या मातीचं घर

(सालेकशाजवळचं गाव, वैशाखातली सकाळ. धानाच्या पोत्यांत माती भरून बांधलेल्या नव्या गोल घराच्या दाराशी योगराज आणि त्याची बायको अंजू.)

अंजू : परवा या दारातून खाट गेली. आज परात आडवी जात नाई.

योगराज : तिरपी कर.

अंजू : केली. वरन सांडलं. सासूले भोकातून जेवन देऊन राहिली मी. दार लहान कसं झालं, ते सांगा.

योगराज : माती पकड घेऊन राहिली. पोत्याच्या घराचा हाच तर फायदा हाय. विटा नको, मिस्त्री नको. राइस मिलची जुनी पोती, मधात काटेरी तार, आपलीच माती. भूकंपात हालत नाई, आगीत जळत नाई. बाहेर भट्टी, आत एकदम ठंडा.

अंजू : आपली माती? तुमी वारूळ खोदलं.

योगराज : पुरं गाव नेते वारुळाची माती. तिच्याहून पक्की कोनती?

अंजू : गाव टोपलीभर नेते, हात जोडून. तुमी बुडापासून काढलं. वारुळाले भोक पाडलं, तर आतली उधई, वाळवी, रातभर काय करते?

योगराज : बुजवते.

अंजू : मंग. तिले दार काय न भोक काय.

योगराज : म्हंजे घर सोताच दुरुस्त होते. हा फायदा मोबाइलवरच्या घर बांधायच्या व्हिडिओत नव्हता.

अंजू : खिडकी कालच दुरुस्त झाली. आईले बाहेर काढा.

योगराज : आई, ओ आई. बाहेर ये.

सुशीलाबाई : काऊन?

योगराज : दार बंद होऊन राहिलं.

सुशीलाबाई : होऊ दे. जुन्या घरात पानी गळे, लग्नाचे डीजे कानात वाजत. इथं कायच ऐकू येत नाई.

अंजू : आई, परवापासून तुमी जेवल्या नाई.

सुशीलाबाई : भूक नाई, बाई. झोपेत कोनी भरवून जाते. गोडसर लागते.

अंजू : कोन भरवते?

सुशीलाबाई : लहान लहान हायत. लय हायत. उठू देत नाई मले. एवढी सेवा पोटच्या पोरानं नाई केली.

योगराज : हे घर कोनं बांधलं मंग?

सुशीलाबाई : मजुरायनं. तू खाटेवर बसून मोबाइल पाहे.

अंजू : कुदळ आना. फोडू दार.

योगराज : काल फोडलं मी, तुले सांगितलं नाई. सकाळी दुप्पट जाड झालं. मीच आत जातो, आईले ओढून आनतो. माझं आंग जाते अजून.

अंजू : पाय बाहेर राहू द्या. मी धरून ठेवते.

योगराज : अंजू, आत लय ठंडा हाय.

अंजू : आई दिसल्या का?

योगराज : दिसली.

अंजू : कशा हायत?

योगराज : मोठी झाली. तिच्याखाली खाट दिसत नाई.

अंजू : निघा तुमी. निघा म्हंते. पाय काऊन ओढला? अवो... माझ्या हातात चप्पल राहिली.

सुशीलाबाई : बोलवू नको त्याले. कामात हाय.

अंजू : त्याहिले बोलू द्या माझ्यासंग.

सुशीलाबाई : तोंडात माती हाय, बोलन कसा? जन्मात पयल्यांदा सांगितलेलं ऐकून राहिला पोरगा.

अंजू : आई, पाया पडते. त्याहिले म्हना, दार...

सुशीलाबाई : दारच बुजवून राहिला तो. बाहेरून थोडं पानी शिंप, बाई. नवीन हाय, सुकी माती जमत नाई त्याले.