दुष्काळातला लाकडी टब

टबाचं म्हणता, तर ऐका. बाहत्तरच्या दुष्काळात माझी कंबर धरली. वैद्यांनी गरम पाण्यात बसायला सांगितलं, म्हणून मी भवानी पेठेतल्या सुताराकडून लाकडी टब करून घेतला. पहिल्याच दिवशी आत बसलो होतो, तेवढ्यात शेजारच्या यल्लूबाई दारात आल्या.

"वैनी, प्यायला तांब्याभर पाणी हाय का?"

"थेंब नाही हो घरात," बायको म्हणाली.

कोण आलंय ते मला ठाऊक नव्हतं. मी आतून ओरडलो, "अगं, अजून एक बादली ओत की!"

यल्लूबाई रिकामा तांब्या घेऊन परत गेल्या.

बायकोनं सांगितल्यावर मी उठलो, उरलेली बादली त्यांच्या दारात नेली. मान वर करवेना.

त्या धावत आल्या. "अवो, तुमची कंबर धरलीय न्हवं? एवढं जड कशाला उचलता?"