फोटोबाहेरच्या कुमुदताई

समारंभाच्या अध्यक्षा आदरणीय प्रभाताई, व्यासपीठावरील मान्यवर, दिल्लीतल्या द्वारकेच्या आपल्या मंडळाचे सभासद आणि आज आपण ज्यांना निरोप देतोय त्या आमच्या कुमुदताई, सर्वांना उल्काचा नमस्कार.

प्रभाताईंनी मला बजावलंय, आज गोड बोल. प्रयत्न करते, हमी देत नाही.

कुमुदताई परवा साताऱ्याला लेकीकडे कायमच्या चालल्यात. अकरा वर्षं दर रविवारी त्यांनी सोसायटीच्या क्लबरूममध्ये आम्हा बायकांना गोधडी शिवायला शिकवलं. त्यासाठी पानिपतहून कापडाचे तुकडे स्वतः बसने जाऊन निवडून आणले.

तीन वर्षांपूर्वी एका साप्ताहिकाला ‘हँडमेड मूव्हमेंट’वर लेख करायचा होता. ओळखीतून मीच त्या लोकांना बोलावलं. तो अपराध माझा.

वार्ताहर आणि फोटोग्राफर आले. ताईंनी दोन तास सगळं समजावलं. कडेपासून सुरू झालेला धावदोरा आत कसा सरकतो, जुन्या लुगड्याचा थर कुठे घालायचा. मग फोटोग्राफर म्हणाला, “आंटीजी, आप ज़रा साइड में हो जाइए.” आणि त्यानं सुई दिली अश्लेषाच्या हातात. ही आमच्या विजयाची मुलगी, गुरुग्रामला आयटीत. त्या दिवशी फक्त आईला न्यायला आली होती. सुईत दोरासुद्धा ताईंनीच ओवून दिला.

लेख आला. पानभर अश्लेषा. मथळा, ‘हरवलेली कला शोधणारी तरुणाई’. आणि कुमुदताई? शेवटच्या परिच्छेदात, ‘शेजारची एक हौशी आजी’. नाव नाही.

मी विचारते, कला हरवली होती कुणाची? दर रविवारी बोटं टोचून घेणाऱ्या या बायकांची? गाण्याच्या मैफलीवर लिहिताना गायिकेला बाजूला सारून श्रोत्यांतल्या मुलीचा फोटो छापाल का? मग बाईच्या हातात सुई दिसली की लगेच ती हौस कशी होते?

मी साप्ताहिकाच्या ऑफिसात फोन केला. उत्तर मिळालं, “मॅडम, स्टोरी पॉझिटिव्ह है ना? फिर दिक्कत क्या है?” त्यांना अडचण दिसलीच नाही, याचा मला आजही संताप येतो.

दुसऱ्या दिवशी अश्लेषा ताईंकडे रडत आली. “काकू, मी त्यांना असं काहीच नव्हतं सांगितलं. आणि आता एका दुकानातून वर्कशॉप घ्यायला बोलावतायत मला.”

ताई म्हणाल्या, “त्यांना नाही म्हण. आणि रविवारी ये. छापलंय ते खोटं आहे. तुझ्यापुरतं खरं करायला किती दिवस लागतात ते बघू.”

दोन वर्षं लागली. पहिल्या गोधडीची कड ताईंनी तिला तीनदा उसवायला लावली.

गेल्या महिन्यात कोपर्निकस मार्गावर आपलं प्रदर्शन झालं. त्याच साप्ताहिकाचे लोक आले, पुन्हा अश्लेषाचाच फोटो मागू लागले. ती म्हणाली, “फोटो बाद में. पहले नाम लिखिए.” आणि तिनं एकोणीस बायकांची नावं एकेक अक्षर सांगून लिहायला लावली. पहिलं कुमुदताईंचं.

छापून आली? नाही. दोन ओळींची बातमी आली, एकही नाव नसलेली. मी चिडून अंक घेऊन ताईंकडे गेले. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि अश्लेषाला क्लबरूमची किल्ली दिली. “रविवारी दहाला दार उघड. बायका वेळेवर येतात.”

ताई, तुम्ही आमच्या हातांना शिस्त लावलीत. आम्ही तुमच्या ऋणात आहोत. मंडळाने मला बोलू दिलं, तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. माझ्या बोलण्यानं इथं बसलेल्या कुणाचं मन दुखावलं असेल, तर मला मोठ्या मनानं क्षमा करा. त्या साप्ताहिकाबद्दल जे बोलले, त्यातला एकही शब्द मात्र मी मागे घेत नाही.