मोहनरावांचा बार्श आणि शिरीषचा कागद

...नाही, पण मी म्हणतो, मासा पाण्यातला, पाणी देवाचं, गळाची दांडी जावयाची, आणि हा बाबा विचारतो काय, तर कागद कुठंय! अहो, कसला कागद? साठ वर्षं रेवदंड्याच्या खाडीत गरी टाकून बसलेला माणूस, हाताला दोरीचा झटका बसला की पलीकडे बोय आहे की शिंगाळा हे डोळे मिटून सांगणारा, त्या आमच्या मोहनरावांना जर्मनीत, इंगोलश्टाटच्या तळ्यावर एक हिरव्या जॅकेटवाला विचारतो, कागद कुठंय! तुम्हाला सांगतो, माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

आता तुम्ही म्हणाल, मोहनराव तिथे गेलेच कशाला? अहो, लेक तिथे, मीनल! जावई तिथे, शिरीष, मोटारींच्या सॉफ्टवेअरमध्ये! मार्चअखेर सरलाबाईंना घेऊन मोहनराव उतरले, मेअखेर परतीचं तिकीट. सरलाबाईंना काय, पहिल्याच दिवशी स्वयंपाकघर मिळालं. मोहनरावांना काय मिळालं? सोफा! वॉशिंग मशिनला हात लावला की, 'बाबा, ते राहू दे.' बाटल्या टाकायला निघाले की, 'बाबा, आज रविवार, काच टाकली तर शेजारी तक्रार करतील.' कचरा टाकायला गेले तर, 'बाबा, पिवळ्यात नाही हो, निळ्यात!' बाबा, तुम्ही बसा. बाबा, तुम्ही आराम करा. अहो, किती आराम करायचा माणसानं? सहाव्या दिवशी मोहनराव सरलाबाईंना म्हणाले, 'अगं, या घरात मी नसतो तरी काही अडलं नसतं.' हे असं बोलायची पाळी यावी?

आणि सातव्या दिवशी फिरायला गेले तर काय, तळं! खडी काढून झालेला खड्डा, पाण्यानं भरलेला, काठाला लव्हाळी, आणि लव्हाळ्यात हालचाल! माणूस धावत घरी आला. 'शिरीषराव, मासा आहे! उद्या सगळ्यांना माझ्या हातचा ताजा मासा!' चेहरा असा फुललेला की सरलाबाईंनी लगेच कोकमं भिजत घातली.

शिरीष म्हणाला, 'जा, बाबा, पण आल्झो... म्हणजे, त्याला फिशेरायशाइन लागतो.'

'शाईन? माझ्या टकलाला आहे की!'

'नाही बाबा, शाइन म्हणजे परवाना. कोर्स करायचा, परीक्षा द्यायची. जर्मनमध्ये.'

परीक्षा! मासे धरायची! आणि ती पास कोण झालेलं? शिरीष! अहो, ज्या घरात सुकटीचा वास आला तर खिडक्या लावून घेतात अशा पुण्यातल्या घरातला मुलगा, अंडं खातो तेसुद्धा केकमधलं! ऑफिसात कुणीतरी सांगितलं, जर्मन लोकांत मिसळायचं तर मासेमारीच्या क्लबात जा. गेला. कोर्स केला. माशाच्या पाठीवर पर किती, पोटावर किती, शेपटीला काटे किती, सगळं तोंडपाठ. क्लबात पहिला आला! आणि आजवर मासे किती पकडले? शून्य! म्हणजे बघा, ज्याच्याकडे कागद त्याला मासा कळेना, ज्याला मासा कळतो त्याला विचारा, कागद कुठंय!

बरं, कागदवाल्यानं तरी लगेच जावं? तर नाही. 'बाबा, आता शोनत्साइट आहे. मासे अंडी घालतात. क्लबचा नियम, मेपर्यंत गळ नाही.' मीनल घाबरली, बाबा आता भडकणार. पण तुम्हाला सांगतो, मोहनराव अजिबात भडकले नाहीत. म्हणाले, 'बरोबर आहे. आपले कोळी तरी नारळी पौर्णिमेआधी होडी काढतात का? शहाणे दिसतात हे लोक.' त्या देशाचा तेवढा एकच नियम त्यांना पटला. पटला आणि माणूस महिनाभर सोफ्यावर बसून राहिला.

मे उजाडला. पहिला शनिवार. शिरीषनं दांडी काढली, त्याला रबराचा मासा लावला. रबराचा! मोहनराव म्हणाले, 'जावईबापू, हे तुम्ही खाल का?' 'मी खरा पण खात नाही, बाबा.' घ्या! आणि मोहनरावांनी दांडीला बोट लावायचं नाही हं, ती हातात धरली तरी मासेमारीच धरतात म्हणे. हात मागे बांधून काठावर उभं राहायचं.

'बाबा, इथे बार्श असतो.'

'बार्शीचा?'

'बार्श! आपल्या जिताड्यासारखाच जरा, छोटा. पुस्तकात लिहिलंय, लव्हाळ्यात सापडतो.' आणि टाकतोय आपला लव्हाळ्यात. लव्हाळं निघतंय, रबर टाकतोय, परत लव्हाळं!

'अहो शिरीषराव, ते एप्रिलचं झालं! अंडी टाकायला आली होती ती तिथे. आता बाळंतीण झाली, उथळात कशाला थांबेल? आधी चार दिवस कोपऱ्यात पडून राहणार, कुणी बोलायचं नाही, हात लावायचा नाही, आणि मग अशी भूक लागणार की पुढ्यात येईल ते गिळेल. मीनलच्या वेळी हिचं...'

'अहो!' मागे काठावर बसलेल्या सरलाबाई.

'बरं राहिलं. पण तळ जिथे एकदम खाली जातो ना, त्या उतारावर बघा. बारकी मासळी पाण्याबाहेर उडाली की समजायचं, खालून पाठलाग चाललाय. ती बघा, उडाली! त्या पडलेल्या झाडापलीकडे! टाका!'

शिरीषनं टाकलं. झाडापलीकडे नाही, झाडावर! एक शनिवार झाडावर, दुसरा शनिवार स्वतःच्या टोपीत. मोहनरावांच्या बोटांना नुसती खाज. समोर पाण्यात बार्श उसळतोय, आणि मागे बांधलेल्या हातांना कोण विचारतंय, कागद कुठंय!

शेवटचा शनिवार. रविवारी विमान. मीनल उपम्याचा डबा घेऊन आलेली. आणि काय नवल, शिरीषचा रबराचा मासा चुकून नेमका झाडापलीकडे पडला. झटका! दांडी वाकली! आणि आपला क्लबात पहिला आलेला काय करतो? 'बाबा! बाबा, लागला! आता काय करायचं?' अहो, दांडी सोडून देत होता तो! मोहनरावांचे हात मागचे पुढे कधी आले, त्यांनाही कळलं नाही. धरली. ढील दिली, खेचलं, परत ढील, आणि काठावर आणून ठेवला, हिरवा, अंगावर काळे पट्टे, लाल पर, चांगला दीड वीत! मीनल टाळ्या वाजवतेय, 'बाबा, काय भारी!' दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या घरात कुणी म्हणालं नाही की बाबा, राहू दे.

आणि तेवढ्यात मागून, 'ग्रुस गॉट. शाइन, बिट्टं.' म्हणजे नमस्कार, कागद कुठंय!

हिरवं जॅकेट! क्लबचा तपासनीस! शिरीषनं आपला कागद काढला. तो म्हणतो, तुझा नको, दांडी ज्याच्या हातात त्याचा! मोहनराव सांगतायत, 'अहो दादा, सुटत होता म्हणून धरला हो.' मराठीतून! तो आपला वहीत लिहितोय. ताकीद दिली, बरं झालं, म्हातारा बघून दंड नाही केला, पण मासा? मासा उचलला, पिशवीत घातला! ऐकून माझा तर जीव तुटला हो, त्यांच्या डोळ्यांदेखत पिशवीत!

मग त्यानं विचारलं, राहता कुठे? भारतात म्हटल्यावर थांबला, आणि बोलायला लागला, चांगला दोन मिनिटं. शिरीषचा चेहरा उतरला.

'काय म्हणाला?' मोहनराव.

'काही नाही, बाबा.'

'दोन मिनिटं काही नाही म्हणाला?'

मग मीनलनंच सांगितलं. 'बाबा, तो म्हणतो, परदेशातून आलेल्या पाहुण्याला परीक्षा लागतच नाही. पासपोर्ट घेऊन गावच्या कचेरीत जायचं, तीन महिन्यांचा कागद मिळतो. दहा मिनिटांत.' आणि वळली नवऱ्याकडे. 'शिरीष! तुला माहीत नव्हतं? तू तर पहिला आला होतास!'

शिरीष दांडी गुंडाळत होता. खाली बघून म्हणाला, 'होतं कोर्समध्ये. परदेशी पाहुण्यांचं प्रकरण. म्हटलं, आपल्याला काय उपयोग... ऑप्शनला टाकलं होतं.'

शनिवार होता. कचेरी बंद. उद्या विमान. मीनल काही बोलणार, तर मोहनरावांनी तिला थांबवलं. उपम्याचा डबा उघडला, एक घास घेतला, आणि अगदी शांतपणे म्हणाले, 'असू दे गं. हुशार मुलं सगळं वाचत नाहीत. त्यांनी फक्त सासरा ऑप्शनला टाकला.'