आहेराचा टॉवेल गाडीखाली

नाही नाही, झुलाल, तू कितीही हात जोड, मी सांगणार नाही... तुझ्या घरभरणीला बट्टी खायला आलोय मी, तमाशा करायला नाही! बट्ट्या अजून कढईत पडल्या नाहीत, पंगतीला उशीर, म्हणून "छगन आबा, ते व्याह्याच्या ऑईलचं सांगा ना"... का? माझी अब्रू काय तोंडी लावायचं लोणचं शे? आणि तू अर्धं सांगून टाकलंसच, तेही उलटं. म्हणे आबा व्याह्यावर जळतो! मंडळी, बठ्ठे ऐका, सगळेच्या सगळे, मी जळत नाही. मी कशाला जळू?

तुम्हाला सांगतो, तीस वर्षं धरणगाव-जळगाव जीप चालवली मी. आत नऊ, मागे लटकलेले चार, टपावर बोकड. ऑईल बदलायचं तर रस्त्याच्या कडेला, टोपी न काढता, गाडीखाली घुसायचं. पुस्तक? कसलं पुस्तक! चौथीत मास्तरने कान पिळला, मी शाळा सोडली नि पाना धरला. आणि आता माझ्याच ओट्यासमोर, माझ्याच पोराच्या गाडीचं ऑईल आणि फिल्टर बदलणार कोण? तर सुनेचा बाप, अमळनेरचा योगराज गुरुजी! रिटायर झालेला भूगोलाचा मास्तर! आला होता आखाजीच्या सणाला लेकीला माहेरी न्यायला, तर न्यावं ना मुकाट्याने... नाही! "भूषणराव, ऑईल कधी बदललं? चला, मीच बदलून देतो, मोबाईलवर बघून शिकलोय." आणि आमचा भूषण खिशातून चावी काढतो नि देतो कोणाला? अहो, मी हात पुढे केला होता! माझ्या हातावरून गेली ती चावी! वर मला म्हणतो, "आबा, तुम्ही जरा बादली सरकवा."

बादली!

मी जळत नाही, पण थाट तरी बघा. हातात रबरी मोजे. गाडीचं पुस्तक उघडून चष्म्यातून वाचतोय, जशी काही पोथी. ऑईलच्या चेंबरचा नट काढला तो ठेवला ताटलीत, मी जेवतो त्या ताटलीत! काळं ऑईल बादलीत, बादलीपाशी मी. जुना फिल्टर काढला, त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली का ते बोट फिरवून बघितलं... ते मीच सांगणार होतो हो, तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात त्याने बघितलं! नटाला नवा वायसर, नवा फिल्टर, नवं ऑईल मधासारखं पिवळं. आणि सून, आमची रत्ना, दारातून म्हणते, "आमच्या पप्पांना ना, सगळं जमतं!" सगळं? बैलगाडी जुंपून दाखव म्हणावं!

आता मला सांगा, मास्तरने केलेलं काम गळायला नको? मी घरात गेलो, पेटीतून पांढराशुभ्र टॉवेल काढला... कुठला म्हणता? भूषणच्या लग्नात ह्याच व्याह्याने मला आहेर केला होता ना टोपी-टॉवेलचा, तोच, घडीसुद्धा मोडलेली नव्हती... आणि पसरला गाडीखाली. पांढऱ्यावर थेंब लगेच दिसतो. गाडी चालू, एसी चालू, मी उकिडवा बसून बघतोय. पाच मिनिटं... दहा मिनिटं... कोरडा! पायांना मुंग्या आल्या माझ्या. आणि मग टपकन्... पडला! काय सांगू, भूषण जन्मला तेव्हा एवढा आनंद झाला नव्हता! ओरडलो, "गळतंय! गळतंय! बठ्ठे या!" बठ्ठे आले. व्याही वाकला, थेंब बोटावर घेतला, वास घेतला, नि ढ पोराला समजवावं तसं म्हणाला, "आबा, हे एसीचं पाणी. ऑईल चिकट असतं." सून तोंडाला पदर लावून हसते. मग त्याने टॉवेलकडे बघितलं. ओळखला. ओळखलाच! पण बोलला काही नाही... तेच तर! बोलत नाही हो तो माणूस! बोलला असता तर भांडता तरी आलं असतं.

दुपारी जेवणं झाली, व्याही पाच वाट्या आमरस ओढून ओट्यावर आडवा. घोरणंसुद्धा बेतशीर. टॉवेल तसाच गाडीखाली. मी जळत नाही, पण मनात आलं, नट जरा सैल तर नाही राहिला? आमच्या जीपचा नट कसा आवळायचो आम्ही? पान्याला हापशाचा पाईप घालून, वर पाय टेकवून! घेतला पाना, घेतला पाईप, घुसलो खाली. एक पीळ दिला, बसला. दुसरा दिला, घट्ट झाला. इथं शहाणा माणूस थांबतो. पण ओट्यावरून ते घोरणं ऐकू आलं ना... दिला तिसरा! काट्! आणि नट लागला गरागरा फिरायला. आटे मेले. जीपचं चेंबर लोखंडी, हे मेलं ॲल्युमिनियमचं... आणि ते मधासारखं ऑईल टप, टप, टप, त्याच आहेराच्या टॉवेलवर!

मी भिंतीआड जाऊन उभा. थोड्या वेळाने भूषणची हाक, "अरे, ऑईल गळतंय!" बठ्ठे जमले. अजून मला कोणी बघितलेलं नाही, बरं का, हे नीट लक्षात ठेवा... तेवढ्यात माझी बायको, भूषणची माय, आतून चुलीपासून, बाहेर पाऊल न टाकता ओरडते, "यास्नाच हात लागना व्हई!" यांचाच हात लागला असेल म्हणे! व्याह्यासमोर! सुनेसमोर! मी पुढे झालो, "मी? मी तर झोपलो होतो!" सगळे माझ्या टोपीकडे बघतायत. टोपी काढायची सवयच नाही ना मला... टोपीवर ऑईल, कानावर ऑईल.

आणि व्याही काय म्हणतो? "आबांना काही बोलू नका. चूक माझी. नट माझ्याकडूनच नीट बसला नसेल." झालं! रत्नाचे डोळे भरले, भूषण म्हणतो, "पप्पा, किती मोठं मन तुमचं!" अरे वा रे वा! काम झालं तरी नाव ह्याचं, बिघडलं तरी नाव ह्याचंच? बिघडवलं मी आणि मोठेपणा ह्याला? ओरडलो, "खबरदार! ते आटे मी मारले! मी! पाईप घालून! ह्याच्या बापाला जमणार नाही एवढा जोर लावून!"

बठ्ठे वळून माझ्याकडे बघायला लागले... आणि गाडीखाली टप, टप, टप.

व्याही नि रत्ना, बापलेक एसटीने गेले अमळनेरला. जाताना व्याह्याने तो टॉवेल उचलला, घडी घातली, म्हणाला, "धुऊन आणतो." आणि तीन आठवड्यांनी आणला की हो! पांढराफेक! ऑईलचा डागसुद्धा निघतो त्याच्या हाताने!... मी जळत नाही.

मिस्त्रीने नवे आटे पाडले, मोठा नट बसवला, गाडी आता कोरडी शे. चावी मात्र भूषणच्या मायच्या कमरेच्या पिशवीत. पण तिने मागायच्या माफीचं काय? तुम्ही म्हणाल, आबा, तिचं खरंच निघालं ना. निघालं! पण बोलली तेव्हा तिला माहीत होतं का? टोपी बघितली होती का? न बघता बोलली ती! पंचेचाळीस वर्षांत मी तिचं नाव तोंडातून काढलं नाही, लग्नात पोरींनी दार अडवलं तेव्हा एकदा घेतलं तेवढंच. पण आज बठ्ठ्यांसमोर घेतो, जिने माझी माफी अजून मागायची शे तिचं नाव... जरा जवळ या, हळूच सांगतो, इथं पंगतीत वरणाची बादली तिच्याच हातात शे... बेबाबाई.