तू उघडलंस तेवढंच बंद कर

हॅलो? … हो, मीच, ताईच बोलतेय. आत्ता सवड झाली होय तुला? … नाही, बाबांना अजून ऑपरेशनला नेलं नाहीये. नेतीलच इतक्यात. … अरे, ते राहू दे, आधी माझं ऐक! तुझ्या त्या प्रोग्रॅमने काय दिवे लावलेत, माहितेय?

… तोच! माझ्या लॅपटॉपवर बसवून गेलास तो. जुन्या कॅसेटमधली गाणी साफ करायला. … रोज आपोआप सुरू होतो ना? आजही झाला, मेला!

सकाळपासून बाबा बोलत होते रे. तुझ्या बाळासाठी. ते जन्माला येईल तेव्हा आजोबांना आवाजच नसेल, स्वरयंत्र काढणार आहेत, म्हणून गोष्टी सांगत होते. मी त्याच लॅपटॉपवर रेकॉर्ड करत होते. आणि मध्येच फट्! स्क्रीनवरची रेकॉर्डिंगची खिडकीच गायब. … नाही ना! 'सेव्ह करू का' एवढंही विचारलं नाही!

… काय? … पुन्हा सांग. म्हणजे मी वापरत होते तेच रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर तुझा प्रोग्रॅमही उघडतो, काम करतो आणि बंद करतो. … बरं, मग स्वतः उघडलेलं बंद कर ना! माझं का केलंस? … नाव बघून? त्या नावाचं जे जे चालू दिसेल ते सगळं? तेही जबरदस्तीने? … शाबास! आपल्या खोलीतला दिवा घालवायचा, तर अख्ख्या बिल्डिंगची वीज घालवलीस!

… शोधली. तात्पुरती फाइलही शोधली. रिकामी आहे. … 'लक्षात आलं नाही' काय? दुसरं कुणी तेच वापरत असेल, एवढं सुचू नये?

… रडू नकोस. रडू नकोस म्हटलं ना! मला आणखी राग येतो. … पुन्हा सगळं बोलायला सांगू? अरे, दम लागलाय त्यांना. आणि वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन दारात उभा आहे.

थांब. … काय बाबा? … अरे, फोन मागतायत ते. ऐक, ऐक ना! तुझ्या फोनवर कॉल रेकॉर्ड होतो ना? कर चालू. … झाला? नक्की? बघ नीट.

… गोष्ट कसली, तुला झापणार आहेत! लालबुंद झालेत. … असू दे. शिव्या तर शिव्या, बाळाला आजोबांचा आवाज तरी मिळेल. आणि आता कशालाही हात लावू नकोस!

… दोन मिनिटं हो, दोनच मिनिटं, मग न्या. … घ्या बाबा. … नाही, हळू नको. जोरात बोला.