बाहेरचं बटन

पांढरकवड्याच्या सायबर कॅफेत मी नंबराची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या कॉम्प्युटरवर एक मुलगी लढाऊ विमानाचा गेम खेळत होती. तिचा भाऊ खुर्चीमागे उभा होता.

“उर्वशी, मान कायले वाकवून राह्यली? मान वाकवून खालचं दिसते काय?”

“दुश्मन विमानाच्या नाकाखाली गेला ना, दादा!”

“मंग हे बटन दाब. बाहेरून अख्खं विमान दिसते.”

“नाही दाबत. पायलटले जेवढं दिसते, तेवढंच मले पाह्यजे.”

“पुन्हा पडशीन.”

“पडीन.”

“मोठी आली पायलट! भाव नाही म्हणून कापूस घरात पडून आहे, अन् इले विमान पाह्यजे. दाब बटन!”

“हात काढ, दादा. बाहेरून तं मी जनमभर कापसाच्या पऱ्हाटीत उभी राहून विमान पाह्यलं. आता उतरत नाही.”