मोबाइलवर घसरलेले मामा

अरे, वेब पेज करणं सोपं आहे, मामांना सांभाळणं नाही! पुतणीच्या लग्नाचं पेज मीच केलं. घरच्या चार मोठ्यांचे फोटो एका ओळीत, लॅपटॉपवर झकास. मोबाइलवर ओळ मावेना, म्हणून शेवटचा फोटो आपोआप खाली उतरला. तो नेमका वहिनीच्या भावाचा, नरडाण्याच्या मामांचा. लगेच त्यांचा अहिराणीतून फोन, सगळे वर आणि आपण एकटेच खाली का म्हणून.

"बठ्ठा वर आन मी एकलाच खाले कसाले? मंग नवरीले मांडोमा तुम्हीच आना!"

आता मामांशिवाय नवरी मांडवात येणार कशी? मी ओळ मोडूच दिली नाही, तर चौघेही शेवग्याच्या शेंगांसारखे बारीक झाले. मग ओळीची दिशाच उलटी केली. मामा पहिले आले, पण आधी पहिले असलेले आमचे आबा खाली गेले आणि रुसून जेवायला उठेनात.

शेवटी वैतागून सगळं पहिल्यासारखं केलं, फक्त खाली जो एकटा पडेल त्याने पसरून पूर्ण जागा घ्यायची, असं ठरवून दिलं. मामा स्क्रीनभर झाले. एकदम खूश! अख्ख्या गावाला पेज पाठवलं.

संध्याकाळी शेजारच्या अक्का मोबाइलवर पेज पाहून वहिनीला हळूच म्हणाल्या, "पोरगी एवढी गुणाची, मग जावई इतका वयस्कर का पाहिला गं?"